भरलेला डबा परत गेला

सावद्याच्या बसस्टँडवरून धुळ्याची गाडी सुटायच्या आधीच गाडीतल्या सगळ्यांना माझ्याबद्दल सगळं कळलेलं होतं. आईने आधी कंडक्टरला सांगितलं, मग ड्रायव्हरला, मग माझ्या शेजारी बसलेल्या बाईला. तेवढ्याने तिचं समाधान होईना, म्हणून खिडकीबाहेर उभं राहून तिने मागच्या दोन बाकांवरच्या लोकांनाही सांगून टाकलं. "पोरगी जरा येगळी हाये. हुशार हाये, पण येगळी हाये. तिले हात लावू नका, जवळ येऊन मोठ्यानं बोलू नका. अन् ती बोलली नही तं राग मानू नका." मी अठरा वर्षांची होते, पहिल्यांदाच एकटी निघाले होते आणि अख्खी एसटी माझ्याकडे वळून पाहत होती. आबा, म्हणजे माझे वडील, आईच्या मागे हात बांधून उभे होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी एक हात सोडवून वर केला आणि लगेच खाली घेतला.

भुसावळ येईपर्यंत गाडीत लोक खरोखर कुजबुजत बोलत होते. एका म्हाताऱ्याला खोकला आला तर त्याने तोंडावर उपरणं धरलं. मला लाजही वाटली आणि हसूही आलं. शेजारच्या बाईने बराच वेळ विचार करून, मला हात लागणार नाही अशा बेताने, पिशवीतून एक केळं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. केळीच्या गावच्या पोरीला केळं देणारी ती जगातली पहिलीच बाई असावी. मी ते खाल्लं नाही, पण धुळ्यापर्यंत हातात धरून ठेवलं.

हे मी सावद्यातल्या तुम्हां सगळ्यांसाठी लिहिते आहे. 'पोरगी तिकडे कशी राहते' असं तुम्ही मला न विचारता आईला विचारता, म्हणून म्हटलं आपणच सांगावं. आणि माझ्यासारखं कुणी घरातून निघालं असेल किंवा निघायचं म्हणत असेल, तर त्यांच्यासाठीही लिहिते आहे. तोंडाने बोलायला मला त्रास होतो, लिहायला होत नाही.

मी चौदा वर्षांची असताना जळगावच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मला ऑटिझम आहे. त्याआधी माझी बरीच नावं होती. आत्या मला तुसडी म्हणायची, शाळेतले सर हट्टी म्हणायचे आणि शेजारच्या काकूंच्या मते मला लहानपणी नजर लागली होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर मराठीत 'स्वमग्नता' असं लिहून दिलं. घरी येताना आबांनी तो शब्द दोनदा वाचला आणि खिशात ठेवून दिला. माझं त्या शब्दाशी तेव्हापासून भांडण आहे. मी स्वतःत मग्न असते असं ज्या कुणाला वाटलं त्याने मला एकदा विचारायला हवं होतं. मला तर बाहेरचंच इतकं ऐकू येतं, इतकं दिसतं, इतका वास येतो की स्वतःकडे बघायला फुरसत मिळत नाही. लग्नाच्या मांडवात तुम्ही सगळे जेवत असता तेव्हा वाढप्याच्या बादलीवर पळी आपटल्याचा प्रत्येक आवाज माझ्या दातांत येऊन बसतो. मी मान खाली घालून बसले की तुम्ही म्हणता, ती तिच्याच नादात आहे.

घरात मात्र मला कमी काही नव्हतं, हेही सांगायला हवं. केळीची कापणी सुरू झाली की आमच्या गल्लीत ट्रकांची रांग लागायची, हमालांचा आरडाओरडा चालायचा. अशा दिवशी आई मला मागच्या खोलीत बसवून दाराला गोधडी लावायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. माझी भाकरी वेगळ्या ताटलीत, वरण वेगळ्या वाटीत, एकमेकांना न लागता. भरीत करायचं तर त्यात शेंगदाणे नाहीत, कांद्याची पात नाही, खोबऱ्याचे तुकडे नाहीत, कारण मऊ घासात काही टणक लागलं की मला ओकारी यायची. भरीत म्हणजे काय हे खानदेशात सांगायची गरज नाही. शेंगदाणे आणि पात नसलेल्या भरताला आमच्याकडे कुणी भरीत म्हणणारही नाही. पण आमच्या घरी तसंच व्हायला लागलं. आबा अधूनमधून शेतात मजुरांबरोबर खऱ्या भरताची हौस भागवून यायचे. आई कुठे जाणार? तिने माझ्यासाठी केलेलं तेच स्वतःही खाल्लं, वर्षानुवर्षं.

पण मी मोठी होत गेले तशी मला एक गोष्ट सलायला लागली. कुणी मला विचारलं, बाळा तुझं नाव काय, तर आई सांगायची. कितवीत आहेस, तर आई सांगायची. चपलेच्या दुकानात चप्पल माझ्या पायात आणि 'चावत नही तिले' हे आईच्या तोंडात. ती चप्पल चावत होती. पंधरा-सोळाव्या वर्षी माझ्या बरोबरीच्या मुलींना मोबाईल हवा होता, जीन्स हवी होती. मला माझ्या वतीने कुणी बोलू नये एवढंच हवं होतं. मी एकदा म्हटलं, मी एकटी फैजपूरला जाऊन येते. आई म्हणाली, जाय ना, आणि माझ्याबरोबर गाडीत चढली.

त्याच सुमाराला वाचनालयात एक कादंबरी हाती लागली होती. किशोरवयीन मुलांसाठी होती. तिच्यातला मुलगा माझ्यासारखा होता, कमी बोलणारा, गर्दीला भिणारा. घरच्यांच्या काळजीला कंटाळून तो एक दिवस निघून जातो आणि डोंगरापलीकडच्या गावात एकटा राहायला लागतो. मी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा आनंदाने आणि दुसऱ्यांदा रागाने, कारण दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं की त्या मुलाला जेवायला कोण घालतं ते लेखकाने कुठेच लिहिलेलं नाही. तो पहाटे उठतो, नदीवर जातो, विचार करतो, तारे बघतो. खातो काय? मला जी गोष्ट सगळ्यात अवघड वाटत होती तीच त्याने गाळून टाकली होती.

बारावीनंतर धुळ्याच्या कॉलेजात मातीच्या विषयाला प्रवेश मिळाला तेव्हा घरात जेवणावरूनच वाद झाला. अभ्यासाबद्दल कुणाला शंका नव्हती. आई म्हणाली, तिथी ती उपाशी मरीन. दोन दिवसांनी आबांनी अट घातली. जा. पण जेवणाचे हाल झाले, तब्येत उतरली, की त्या दिवशी सामान बांधून परत यायचं, आणि पुन्हा या घरात बाहेर राहण्याचं नाव काढायचं नाही. मी हो म्हटलं. आबांचा शब्द म्हणजे शब्द असतो हे मला माहीत होतं, आणि मीही शब्द दिला की मोडत नाही, हे त्यांना माहीत होतं.

धुळ्यातल्या देवपुरात मला खोली मिळाली. घरमालकीण साठीची, एकटी राहणारी बाई. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणते. तिची अहिराणी मला सुरुवातीला निम्मीच कळायची. आमच्याकडची बोली वेगळी आणि धुळ्याची वेगळी. पण अक्काचं एक चांगलं होतं. ती बोलताना माझ्या तोंडाकडे बघायची नाही, तांदूळ निवडत बसायची. मी उत्तर दिलं तर दिलं, नाही दिलं तरी तिचं बोलणं अडायचं नाही. आईने तिलाही माझ्याबद्दल सगळं सांगितलं होतं. ते ऐकून घेऊन अक्का म्हणाली होती, "येगळी म्हंजे काय वं? कमी बोलस, एवढंच ना? बरं शे. मी बठ्ठ्यास्नं बोलस." म्हणजे सगळ्यांच्या वाटचं मीच बोलते.

जेवणाचा प्रश्न आईने तिच्या पद्धतीने सोडवला. आमच्या भागातली पोरं जळगावला, धुळ्याला शिकायला असली की घरचा डबा एसटीने येतो. सकाळी गावच्या स्टँडवर आई कंडक्टरच्या हातात डबा देते, दुपारी पोरगं शहराच्या स्टँडवर घेतं, रिकामा डबा परतीच्या गाडीत जातो. साक्रीहून, शिरपूरहून धुळ्याला असे कितीतरी डबे येत. पण सावद्याहून धुळ्याला रोज डबा यावा हे कुणी ऐकलेलं नव्हतं. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "अगं, एवढ्या लांबून येताना माणूससुद्धा शिळा होतो." ती थट्टा करत होती हे मला संध्याकाळी कळलं. दुपारी मी तिला गंभीरपणे सांगितलं होतं की ज्वारीच्या भाकरीला काही होत नाही.

तर रोज दुपारी मी स्टँडवर जायची. धुळ्याचा स्टँड म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांचा गोंगाट एका छपराखाली. भोंगे, कंडक्टरांच्या हाका, लाऊडस्पीकर, भजी तळल्याचा वास, डिझेल, आणि घाईत अंगावरून जाणारी माणसं. मी कानात कापसाचे बोळे घालून खांबाला पाठ लावून उभी राहायची. डबा घेऊन खोलीवर आले की तासभर काही गिळता येत नसे. दुपारची प्रॅक्टिकलं बुडायला लागली. घरच्या चार घासांसाठी मी रोज माझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट जागी जात होते, आणि आईला वाटत होतं की तिने मला सगळ्या त्रासातून वाचवलं आहे.

परत गेलेला डबा आई कसा बघते ते मला माहीत होतं. झाकण काढायची, वास घ्यायची, कडेला काय चिकटलंय ते बघायची. फोनवर मी बोलत नाही, म्हणून तिने डब्याला विचारायची सवय लावून घेतली होती. मी डबा धुऊन पाठवायला लागले तर ती नाराज झाली. न धुता पाठव म्हणाली. आणि रिकामं भांडं परत पाठवू नये म्हणून त्यात चिमूटभर साखर टाकायची, हेही तिचंच. न धुतलेल्या डब्यात साखर टाकली की काय होतं ते सावद्याच्या मुंग्यांना विचारा. पण आईने सांगितलं म्हणून मी टाकत राहिले.

एक वर्ष असं गेलं. मी धुळ्यात राहत होते, पण पोट सावद्यातच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मी आईला सांगितलं, आता डबा नको. मला गोड करून, आडवळणाने बोलता येत नाही. मी म्हटलं, "डबा बंद कर." ती परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले. "माह्या हातचं नको झालं का तुले?" असं तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा मळायला लागली. मला सांगायचं होतं की तसं नाही, स्टँड नको आहे, आणि मला एकदा माझं स्वतःचं करून बघायचं आहे. ते वाक्य माझ्या तोंडातून निघेपर्यंत भाकऱ्या झाल्या होत्या. सुट्टी संपली, मी धुळ्याला आले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने डबा आला.

मग मी ठरवलं की बोलून होत नाही ते करून दाखवावं. खोलीत शेगडी आणली. भाकरी जमायला पावसाळा गेला. पहिल्या भाकऱ्या अक्काच्या शेजारच्या गाईने खाल्ल्या, आणि तीही त्यांच्याकडे बराच वेळ बघून मग खायची. पण हळूहळू जमलं. वरण जमलं, भात जमला. संध्याकाळी मी माझं मी करून खायला लागले आणि दुपारी आईचा डबा. आईला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता. तिला चवच द्यायला हवी होती.

थंडी पडली, बाजारात भरताची हिरवी-पांढरी वांगी आली. तेव्हा मी अक्काला म्हटलं, मला तुझ्या अंगणातली चूल हवी. भरीत गॅसवर भाजलेलं आई एका घासात ओळखते. अक्काने कपाशीच्या काड्या पेटवून दिल्या. धुराने माझे डोळे चुरचुरत होते, केसांना वास लागत होता आणि तो वास मला दोन दिवस छळणार हे माहीत होतं. मी वांगी उलटायची घाई केली की अक्का ओरडायची, "फुटू दे वं, फुटू दे! बठ्ठं कच्चं काढशी का?" वांगी फुटली, सोलली, लाकडी मुसळीने ठेचली. मग मी त्यात कुटलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण, कांद्याची पात, भाजलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे, कोथिंबीर, सगळं टाकलं. फोडणीचं तेल हात सैल सोडून ओतलं. चव घेऊन बघता येत नव्हती, त्यामुळे मीठ अंदाजाने. अक्काने चव बघते म्हटलं तर मी तिला बघू दिली नाही. पहिला घास आईचा असावा असं मला वाटत होतं.

सोबत कळण्याच्या भाकऱ्या केल्या, ज्वारी-उडदाच्या, काळपट, बऱ्यापैकी गोल. आईच्याच डब्यात सगळं भरलं, आईच्याच फडक्यात बांधलं. धुळ्याला मुक्कामी असलेली गाडी सकाळी परत जाते. कंडक्टरच्या हातात डबा दिला आणि कॉलेजला गेले. चिठ्ठी ठेवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. डबा उघडला की कळेल, असं मी धरून चालले. आणि माझं काय चुकलं असेल तर ते एवढंच की आई डबा उघडेल असं मला वाटलं.

आईने तो उघडला नाही. सावद्याच्या स्टँडवर कंडक्टरने डबा दिला आणि तिच्या हाताला वजन लागलं. रोज रिकामा येणारा डबा आज भरलेला आला, म्हणजे पोरीने काल खाल्लं नाही. म्हणजे ती आजारी आहे, किंवा कुणी तिला काही बोललं आहे, किंवा त्याहून वाईट काहीतरी. तिने फोन लावला. माझा फोन कॉलेजात बंद असतो. दीड वर्ष डब्याशी बोलून बोलून तिची अशी खात्री झाली होती की डबा खोटं सांगणार नाही. तिने आबांना शेतातून बोलावून घेतलं, केळी भरायची थांबवून गल्लीतल्या एकाने पिकअप काढली, आणि डबा मांडीवर घेऊन ती धुळ्याला निघाली.

दुपारी मी प्रॅक्टिकल संपवून घरी आले तर अक्का फाटकातच उभी. "तुनी माय येल शे. पायरीवर बठेल शे. मी सांगं पोरगी बरी शे, तं ती काय ऐकतच नई."

आई पायरीवर बसली होती, डबा तसाच फडक्यात बांधलेला, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. मला पाहून ती उठली, माझ्याकडे आली आणि हातभर अंतरावर थांबली. तिला मला जवळ धरावंसं वाटलं की ती अशी थांबते. मी वरपासून खालपर्यंत धडधाकट आहे हे तिने बघितलं आणि तिला रडू फुटलं. आबा म्हणाले, "झालं तेवढं बस झालं. खोली उघड." मी कुलूप काढलं. ते आत गेले आणि दोरीवरचे माझे कपडे काढून पिशवीत घालायला लागले. रागावले नव्हते ते. शब्द पाळत होते. मी दारात उभी होते. अशा वेळी माझे शब्द आतल्या आत अडकतात. सगळं वाक्य तयार असतं, पण ते वर येत नाही. आबांनी माझी उशी उचलली, पुस्तकं उचलली. मला ओरडून सांगायचं होतं की मी उपाशी नाही, मी तुम्हाला जेवण पाठवलं आहे, हे माझं घर आहे, ते उचलू नका.

मला जमलं ते एवढंच की मी आईच्या हातातला डबा घेतला, जमिनीवर ठेवला आणि फडक्याची गाठ सोडली. आई म्हणाली, "उघडून काय पाहू? माह्याच हातचं ते." मी झाकण काढलं.

काड्यांच्या धुराचा वास खोलीभर झाला. आई बराच वेळ डब्यात बघत राहिली. भाकरीची कड तिने बोटाने चाचपली. तिच्या भाकरीची कड पातळ असते, ही जाड होती. मग भरताकडे बघून तिने विचारलं, "याच्यात दाणे टाकले?"

"हो."

"पातबी हाये."

"हो."

"तू तं खात नही."

"तू खातेस," मी म्हटलं. "तुला आवडतं. माझ्यामुळे तू खात नाहीस."

आबा हातात माझी चादर घेऊन उभे राहिले. आईने भाकरीचा तुकडा मोडला, भरताला लावला आणि खाल्ला. चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तिने घास मध्येच थांबवला नाही. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. आबा चादर ठेवून तिच्याशेजारी मांडी घालून बसले आणि त्यांनी अर्धी भाकरी संपवली. मला त्या दिवशी जितकं बरं वाटलं तितकं नंतर नोकरी लागली तेव्हाही वाटलं नाही.

आता मी एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. शेतकरी पिशव्यांतून माती आणतात, मी तिच्यात काय कमी आहे ते सांगते. तिथे शांत असतं आणि माती मला नाव विचारत नाही. डबा बंद झाला. म्हणजे, रोजचा बंद झाला. बसस्टँडवर मी अजूनही जायला भिते आणि कापसाचे बोळे अजून खिशात असतात. कुणी असं समजू नये की मी बरी झाले. मी आजारी नव्हतेच. आई अजूनही माझ्या वतीने बोलते, पण मी शेजारी असले की मध्येच थांबते आणि माझ्याकडे बघते. मला वेळ लागतो. ती वाट बघते.

मला विचारतात, तुला आता घर कोणतं वाटतं, सावदा की धुळे? सावद्याच्या घरात मला कधी काही विचारावं लागलं नाही. भूक लागायच्या आधी ताटली यायची, तहान लागायच्या आधी तांब्या. तिथे मी आईची होते, आहे, आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण स्वतःचं घर कशाला म्हणतात ते मला त्या दुपारी खोलीत कळलं. भरतात मीठ फार झालं होतं. आईने घास गिळला, इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या मांडणीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीतरी मला विचारावं लागलं.

"पाणी कुठी ठेवते व तू?"

"तू बस," मी म्हटलं. "मी देते."